छोट्या ड्रम किटची किक सतत टॉमसारखी वाजते? आधी आतली उशी बाहेर काढा

१६ किंवा १८ इंची किकवाला (किक म्हणजे पायाने पेडल दाबून वाजवायचा बेस ड्रम) छोटा ड्रम किट ज्याने ज्याने घेतलाय त्याच्याकडून थोड्याफार फरकाने एकच कहाणी ऐकायला मिळते. सुरुवातीला किक ‘बोंग’ करून वाजते, टॉम (काठीने वाजवायचा छोटा ड्रम) कुठला आणि किक कुठली कळत नाही, मग कुणीतरी सांगतं आत उशी घाल, उशी घातली की बोंग जातो पण सोबत खर्जही जातो आणि नुसतं ‘थप’ उरतं, मग स्किन, म्हणजे ड्रमच्या तोंडावर ताणलेला पडदा, सैल करा, मग ती फडफडायला लागते, मग परत ताणा, आणि आठवड्याभरात आपण जिथून निघालो तिथेच. हे चक्र थांबवता येतं आणि त्यासाठी नवा किट लागत नाही. छोट्या किकला २२ इंचीसारखं वाजायला लावायचं सोडा, तिचा स्वतःचा सूर कुठे बसतो ते शोधा आणि तो मोकळा वाजू द्या, माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, खाली लिहिलंय ते हे कसं करायचं याबद्दल.

आधी हे असं का होतं ते बघू, कारण कळलं की निम्मे उपाय आपोआप सुचतात. गोल ताणलेल्या स्किनचा मूळ सूर व्यासाच्या उलट प्रमाणात चढतो. म्हणजे तीच स्किन, तोच ताण, पण २२ च्या जागी १६ इंच केलं तर सूर जवळजवळ १.३७ पट वर जातो, आपल्या भाषेत सा वरून उडी मारून शुद्ध म आणि तीव्र म यांच्या मधे कुठेतरी. आता तो परत २२ च्या सुरावर आणायचा तर ताण जवळपास निम्म्यावर आणावा लागतो, आणि छोट्या स्किनला इतका ताण कमी केला की ती नीट थरथरतच नाही, सुरकुत्या पडतात, बीटर, म्हणजे पेडलचा ठोका मारणारा गोळा, चिकटून बसल्यासारखा वाटतो. म्हणजे खाली जायला जागा आहे पण तिला तळ आहे. तो तळ ओलांडायचा प्रयत्न केला की आवाज बिघडतो, आणि मग तो बिघाड लपवायला लोक उशी घालतात.

उशीचा हिशोब पण करून बघा. १६ बाय १४ च्या (व्यास १६ इंच, खोली १४ इंच) किकच्या आत साधारण ४६ लिटर हवा असते, २२ बाय १८ मधे ११२ लिटर. मोठ्या किकमधे टाकलेली उशी एका कोपऱ्यात पडून राहते, तीच उशी छोटीत घातली तर पाव-एक तृतीयांश जागा खाते आणि वर दोन्ही स्किनना दाबून धरते. छोट्या ड्रममधे जो थोडाफार खर्ज आहे तो दोन्ही स्किन आणि मधली हवा मिळून हलण्यातून येतो, तेच आपण बंद करतो. पुढच्या, म्हणजे ऐकणाऱ्यांकडच्या स्किनला भोक पाडण्याचंही तसंच, ५ इंची भोक २२ च्या स्किनचा जेमतेम ५ टक्के भाग घेतं पण १६ वर तो जवळजवळ १० टक्के होतो. त्यामुळे माझं स्पष्ट मत, १६ इंची किकची पुढची स्किन अखंड ठेवा, भोक पाडू नका, कुणी साउंडवाला माइक आत घालायला मागत असेल तर त्याला बाहेरून लावायला सांगा, बाहेरून सुद्धा छान येतो.

छोट्या तोंडातून खर्ज निघतच नाही असं कुणी म्हणालं तर त्याला डग्गा दाखवा. जेमतेम नऊ-दहा इंची तोंड, आणि केवढा घुमतो. त्यामागे दोन गोष्टी आहेत, पुडीवरच्या शाईचं वजन आणि खालून बंद असलेल्या भांड्यातली हवा. सी. व्ही. रामन यांनी १९२० मधेच दाखवून दिलं होतं की मृदंग-तबल्याच्या पुडीवर मधोमध चढवलेल्या या वजनामुळे वरचे स्वर मूळ सुराशी जुळतात. साध्या स्किनचे वरचे स्वर जुळत नाहीत, पहिला मूळ सुराच्या १.५९ पट, पुढचा २.१४ पट असे वेडेवाकडे येतात, आणि छोट्या किकमधे जो ‘बोंग’ ऐकू येतो तो बराचसा हाच १.५९ वाला असतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे उपाय एकतर स्किनला वजन देतात किंवा या वरच्या स्वराला थोडं शांत करतात.

पहिलं आणि फुकटातलं काम बीटरचं. साधारण पेडलचा बीटर २० किंवा २२ इंची किकचा मध्य धरून उभा असतो, तिचा मध्य जमिनीपासून ११ इंचांच्या आसपास. १६ इंचीचा मध्य ८ इंचांवर येतो, म्हणजे बीटर मधोमध न पडता वरच्या कडेकडे पडतो, आणि कडेकडे मारलं की मूळ सूर कमी आणि तो १.५९ वाला जास्त उठतो. कितीही ट्युनिंग करा, बीटर वर पडतोय तोवर बोंग जाणार नाही! उपाय दोन, बीटरचा दांडा खाली करा किंवा ड्रम वर उचला. दांडा खूप खाली केला तर पेडल हलकं होतं, जोर जातो, त्यामुळे मी ड्रम उचलण्याच्या बाजूने आहे. लडविग कंपनीचा ब्रेकबीट्स किट, जो द रूट्स बँडचा ड्रमर क्वेस्टलव्ह याच्यासोबत काढला होता, त्यात १६ बाय १४ च्या किकसोबत रायझर (ड्रम उचलून धरणारा आधार) येतो तो याचसाठी. तुमच्या किटसोबत आला नसेल तर वेगळा मिळतो, सुताराकडून लाकडी ठोकळा करून घेतला तरी चालतं, फक्त पेडल त्याला घट्ट बसलं पाहिजे आणि ड्रम पुढे सरकता कामा नये. बीटरच्या तोंडाला खडू लावून दोन-चार ठोके मारा, ठसा कुठे उमटतो ते लगेच दिसतं. बीटर मोठा फेल्टचा घ्या, प्लास्टिकचा कडक बीटर छोट्या किकवर टकटक जास्त देतो.

दुसरं, स्किन. स्वस्तातल्या छोट्या किटवर कंपनीतून येणारी स्किन बहुतेक पातळ आणि एकपदरी असते, आणि पातळ स्किन म्हणजे हलकी, हलकी म्हणजे सूर वर. इथे दोनपदरी स्किन खरंच कामाची. रेमो कंपनीची ॲम्बॅसेडर १० मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) एकपदरी, एम्परर ७ अधिक ७ मिल, म्हणजे १४. जाडी १.४ पट झाली की तेवढ्याच ताणाला सूर जवळपास सा वरून कोमल ग जेवढा वर असतो तेवढा खाली येतो. हे फुकटचे तीन सेमीटोन आहेत, ताण न घालवता मिळालेले. किकच्या मारायच्या बाजूला कडेला आतून वळं असलेली पॉवरस्ट्रोक ३ किंवा कडेला फोमचं वळं बसवता येणारी एव्हान्सची ईमॅड, दोन्ही छान. ईमॅडसोबत फोमची दोन वेगवेगळ्या जाडीची वळी येतात, १६ इंचीला बारीक वळंच लावा, जाड वळ्याने तोच उशीचा प्रकार होतो. मागवताना एक बघा, १६ इंची स्किन फ्लोअर टॉमची (जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉम) पण असते आणि बेस ड्रमची पण असते, कडेच्या रिंगचा आकार वेगळा असतो त्यामुळे लाकडी हूपमधे (स्किन दाबून धरणाऱ्या कड्यात) टॉमची नीट बसेलच असं नाही. पुढच्या बाजूला साधी एकपदरी पुरते, तिने मोकळं वाजायचं असतं.

बीटर पडतो तिथे मधोमध चिकटवायचा जाड गोल पॅच मिळतो, तो लोक स्किन फाटू नये म्हणून लावतात पण त्याचं वजन मधोमध येतं, शाईसारखंच तत्त्व, परिणाम मात्र थोडासा. छोट्या किकवर तो थोडासा सुद्धा कळतो, लावाच.

आता ट्युनिंग, इथे घाई नको. दोन्ही स्किन काढा, शेलची, म्हणजे ड्रमच्या लाकडी नळकांड्याची, कड फडक्याने पुसून घ्या, जुन्या किटच्या कडेवर मेण आणि धूळ असतेच. पुढची स्किन आधी बसवा, सगळे रॉड (स्किन ताणणारे लांब स्क्रू) बोटाने फिरतील तितके फिरवा, मग तळव्याने मधोमध दाबून स्किन कडेवर बसू द्या, सुरुवातीला थोडा कुरकुर आवाज येतो तो डिंक सुटण्याचा असतो, त्याला घाबरू नका. मग की, म्हणजे ड्रमची चावी, घेऊन समोरासमोरचे रॉड पाव-पाव फेरा. तबला लावताना वादक गजऱ्यावर प्रत्येक घराशी ठोकून सगळीकडे सूर एक आणतो, समोरासमोरची घरं पडताळतो, इथेही तसंच, प्रत्येक लगपाशी (रॉड शेलला जिथे बसतो तिथे) कडेपासून दोन-तीन सेंटिमीटर आत बोटाने टिचकी मारा आणि जो वेगळा बोलतोय त्यालाच हात लावा. लग सहा असोत की आठ, सगळे एका सुरात आले नाहीत तर जो घोंघाट होतो त्यालाच लोक ‘ओव्हरटोन’ म्हणून टेप लावत बसतात, आणि टेपने तो जात नाही.

मारायच्या बाजूची स्किन सुरकुत्या जाईपर्यंत आणि त्यापुढे किंचित, बस. पुढची तिच्यापेक्षा थोडी वर. दोन्ही एका सुरात ठेवल्या तर आवाज सगळ्यात लांब घुमतो, पुढची वर ठेवली तर तो लवकर आटोपतो आणि ठोक्याला आकार येतो, छोट्या किकला हेच हवं असतं. १६ इंचीचा मूळ सूर मला ६५ ते ७५ हर्ट्झच्या आसपास आवडतो, १८ इंचीचा ५५ ते ६५. फोनवरच्या ट्युनर ॲपने मोजता येतो पण फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका, एवढा खर्ज तो स्पीकर देतच नाही, हेडफोन लावून ऐका.

एवढं झाल्यावर जे गुंजणं उरेल त्यासाठी दोन इंच रुंद फेल्टची पट्टी मारायच्या स्किनच्या आतून, मध्यापासून जरा बाजूला, आडवी ताणून बसवा. किंवा हात पुसायचा एक पातळ नॅपकिन गुंडाळी करून तळाशी ठेवा, दोन्ही स्किनना जेमतेम शिवेल इतकाच. शिवेल म्हणजे शिवेलच, दाबेल नाही. सोसायटीत शेजाऱ्यांसाठी आवाज कमी करायचा असेल तर तो प्रश्न पूर्ण वेगळा आहे, त्यासाठी वरून ठेवायचे म्यूट पॅड घ्या आणि कार्यक्रमाला जाताना काढा, त्यासाठी ड्रमच्या आतली व्यवस्था बिघडवू नका प्लीज.

जॅझ वाजवणाऱ्यांसाठी एक वेगळा शब्द. १८ इंची किक, १२ चा टॉम, १४ चा फ्लोअर हा साचा जॅझवाल्यांचा, ड्रमर टोनी विल्यम्स १९६३ पासून ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिससोबत वाजवताना अशीच छोटी किक मोकळी, सुरात, बऱ्यापैकी वर लावून वाजवायचे. तिथे किकने बोलणं हेच अपेक्षित असतं. ग्रेचच्या कॅटलिना क्लबसारखा किट घेऊन तुम्ही ते संगीत वाजवणार असाल तर वरचे निम्मे उपाय करूच नका, बोंग म्हणून ज्याच्या मागे लागलाय तोच आवाज हवाय.

खोलीबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण कित्येकदा ड्रम ठीक असतो आणि दोष खोलीचा असतो. ६५ हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वापाच मीटरच्या आसपास, आणि आपल्या फ्लॅटमधली खोली १० बाय १०, फार तर १० बाय १२ फूट. अशा खोलीत मधोमध बसलं की नेमका खर्जच पातळ होतो आणि भिंतीपाशी, कोपऱ्यात तो जमा होतो. मित्राला वाजवायला बसवा आणि तुम्ही खोलीभर फिरून ऐका, कोपऱ्यात गेल्यावर ‘अरे ही तीच किक?’ असं वाटेल. किट भिंतीकडे सरकवून बघा, आणि टाइल्सवर जाड सतरंजी तरी टाका, किट सरकत नाही आणि वरचा कर्कशपणा उतरतो. खोलीतल्या आवाजावरून किट विकायला काढू नका, एकदा तरी हॉलमधे किंवा मोकळ्या गच्चीवर ऐका.

स्नेअर (खालच्या स्किनला तारा लावलेला ड्रम) आणि टॉमचं पटकन. १० इंची टॉम मारला की स्नेअरच्या तारा झिणझिणतात, हे छोट्या किटमधे जास्त होतं कारण सगळं जवळजवळ असतं आणि सूरही जवळजवळ येतात. टॉम अर्धा-एक सूर हलवून बघा, नाहीतर स्नेअरच्या खालच्या स्किनवर तारांच्या दोन्ही टोकांपाशी असलेले चार रॉड किंचित सैल करा, पूर्ण नाही जाणार पण खूप कमी होतं. तारा आवळून हा प्रश्न सोडवू नका, स्नेअर गुदमरते. १३ इंची फ्लोअर टॉम फार लांब गुंजत असेल तर त्याच्या आत कापसाचे तीन-चार बोळे टाका, ठोक्याला ते उडतात आणि परत खालच्या स्किनवर बसून गुंजणं आटोपतं करतात, वरून काही चिकटवायची गरजच पडत नाही. टॉम आणि फ्लोअरमधे सा ते म किंवा सा ते प एवढं अंतर ठेवा म्हणजे किकला खाली स्वतःची जागा मिळते, फ्लोअर फार खाली उतरवला की किक आणि तो एकमेकांत मिसळतात आणि दोष परत किकवर येतो.

किट अजून घ्यायचाच असेल तर, निवडताना लाकडाच्या नावावर फार अडकू नका. पॉपलर, बर्च, महोगनी यात फरक आहे पण स्किन, कड आणि ट्युनिंग यांच्यापुढे तो लहान आहे. मी आधी मापं बघतो. पर्ल मिडटाउन १६ बाय १४ ची किक, टामा क्लब जॅम १८ बाय १२ ची, आणि क्लब जॅम फ्लायर तर १४ इंचीची. कॅफेत, घरच्या मैफिलीत, चर्चमधे, जिथे माइक नाही आणि किट रिक्षातून न्यायचाय तिथे मी १८ इंची पण उथळ किक घेईन, कारण व्यास कान भरतो आणि बीटरही मध्याच्या जवळ पडतो. माइक नक्की असेल आणि जागा अगदीच कमी असेल तर १६ घ्या. १४ इंची किक ही माइक असेल तरच, तिच्याकडून नुसत्या कानाला खर्ज मागणं तिच्यावर अन्याय आहे. जुना किट घेत असाल तर स्किन काढून शेल स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा ठेवा, आत टॉर्च लावा, खोलीतला दिवा बंद करा, कडेखालून प्रकाश झिरपला तर कड वाकडी आहे आणि ती कधीच नीट सुरात लागणार नाही. शेलचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजा, गोल नसेल तर स्किन एका बाजूला अडकते. हे दोन्ही बघायला पाच मिनिटं लागतात, विकणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून टाळू नका.

शेवटचा आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, एवढं सगळं करून लावलेली किक परत का उतरते. एक, नवी स्किन पहिले काही दिवस ताण खाऊन सैल होतेच, त्या काळात रोज वाजवण्याआधी लग तपासा आणि मग सोडून द्या. दोन, ऊन आणि एसी. आजची स्किन प्लास्टिकच्या फिल्मची असते, रेमो कंपनी १९५७ पासून अशाच स्किन बनवतेय, त्यामुळे पावसाळ्यात पूर्वीच्या चामड्यासारखी ती ओली होऊन बसत नाही, पण तापली की सैल पडते. दुपारच्या मांडवात लावलेला सूर रात्रीच्या एसी हॉलमधे तोच राहणार नाही, जिथे वाजवायचंय तिथे किट अर्धा तास ठेवून मगच की हातात घ्या. तीन, आणि मुख्य कारण हेच, कमी ताणावर ठेवलेले रॉड ठोक्यांच्या हादऱ्याने स्वतःच फिरून सुटतात. किक आणि फ्लोअर कमी ताणावर असतात म्हणून तेच आधी उतरतात, आणि सगळे रॉड सारखे सुटत नाहीत, पेडलच्या बाजूचे आधी जातात, म्हणून सूर नुसता उतरत नाही तर वाकडा होतो आणि बोंग परत येतो. हार्डवेअरच्या दुकानातली प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप आणा, रॉड बाहेर काढून आट्यांवर एक-दीड वेढा द्या, परत बसवा. नायलॉनचे वॉशर किंवा लग लॉक मिळाले तर तेही चालतात. मग सूर मनासारखा लागला की प्रत्येक रॉडच्या डोक्यावरून हूपपर्यंत मार्करने एक बारीक रेघ ओढा. पुढच्या वेळी किक वेगळी वाटली तर आधी त्या रेघा बघा, जो रॉड सरकलाय तोच रेघेवर आणा, बाकीच्यांना हात लावू नका.